भुकेल्या हातमोज्याचा मालक कोण?

कार्यक्रमाचं आयोजन कसं करावं, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं. हे मत माझ्या एकट्याचंच आहे, पण पक्कं आहे! आमच्या रोक्काफोस्का गावात संत रोकोची मिरवणूक असो, द्राक्षांची जत्रा असो, नाहीतर कुणाचं बारसं असो; खुर्च्या कुठे, वाइन कुठे आणि भांडलेले दोन चुलतभाऊ एकमेकांपासून किती लांब, हे सगळं माझ्या डोक्यात आधीच मांडलेलं असतं. पोस्टमास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून तर डोक्यात जागाही भरपूर आहे.

म्हणूनच जर्मनीच्या डॉक्टर हेडविगबाईंनी जेव्हा कळवलं की ‘भुकेला हातमोजा’ची वाचलेली एकुलती प्रत सापडली, तेव्हा नगराध्यक्षांनी एक सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “ओरेस्तेला बोलवा.”

‘भुकेला हातमोजा’ हा आमच्या गावचा सिनेमा. आम्ही तरुण होतो तेव्हा रोमची मंडळी येऊन वरच्या किल्ल्यात तो करून गेली. बायका किंचाळतात, झुंबरं पडतात, आणि काळे हातमोजे घातलेला एक खुनी एकेकाला संपवत जातो, अशी साधी घरगुती गोष्ट. तो लागला आणि आठवडा उलटायच्या आत कुठल्याशा न्यायाधीशाने जप्त केला. रक्तामुळे नव्हे हं! टबात मरून पडलेल्या नटीच्या उघड्या पायांमुळेही नव्हे. तर खुनी सुरी उचलण्याआधी टेबलावरच्या पावाशी काहीतरी करतो, आणि ते म्हणे प्रभूच्या भोजनाची विटंबना आहे! रिळं जाळली. आणि जाळलेल्या सिनेमासारखा अमर सिनेमा दुसरा नाही. परदेशात त्याचे भक्त निघाले. काळे कपडे घालून, डोळ्यांत काजळ भरून ते उन्हाळ्यात आमच्या गावात यायचे आणि किल्ल्याच्या भिंतीला गाल लावून उभे राहायचे.

गावात मात्र तो सिनेमा कुणीच पाहिला नव्हता. त्यामुळे त्यातली आमची कामं दर वर्षी वाढत गेली. खालच्या आळीतल्या एका शेळीचंही त्यात काम होतं म्हणे, आणि नटीच्या मत्सरापायी ते कापलं म्हणे.

पण खरी चढाओढ होती ती हातांसाठी. खुन्याचा चेहरा सिनेमाभर दिसत नाही, दिसतात फक्त हात. मग काय! ज्याला दोन हात, तो खुनी! निवृत्त फौजदार सावेरिओच्या दिवाणखान्यात एक काळा हातमोजा काचेत लावलेला, खाटकाच्या दुकानात दुसरा, औषधवाल्याकडे तिसरा. तिन्ही उजव्या हाताचे.

या सगळ्यांत आघाडीवर होता आमचा एव्हारिस्तो न्हावी. त्याच्या सलूनमध्ये आरशाच्या वरच हातमोजा होता. बेल्जियमचा एखादा भक्त दाढीला बसला की एव्हारिस्तो गळ्याशी वस्तरा आणून हळूच म्हणायचा, “याच हातांनी, बरं का!” गिऱ्हाईक आनंदाने थरथरायचं.

आता हे असंच सुखाने चाललं असतं. पण एव्हारिस्तोला म्हातारपणी लग्नाची लहर आली!

बेकरीवाली एर्मेलिंदा विधवा होती, हा विधुर. एकटा माणूस, पण रोज चार माणसांचा पाव घेऊन जायचा. शेवटी एकदा धीर करून त्याने विचारलंच. एर्मेलिंदाने हात पुसले, गल्ल्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “हे बघ, एव्हारिस्तो. माझा नवरा, देव त्याला शांती देवो, मासे धरायला जातो म्हणून सांगायचा आणि पत्ते कुटायचा. आयुष्यात एक मासा आणला नाही त्याने घरी. खोटारडा नवरा मला एकदा पुरला. आता तो सिनेमा येतोच आहे. ते हात तुझे निघाले, तर तुझ्याशी लग्न करते. नाही निघाले, तर पाव शेजारच्या गावातून आणत जा.”

हे मला कळलं कसं? एव्हारिस्तो त्याच दुपारी माझ्याकडे आला. दाढी अर्धीच केलेली. न्हाव्याची!

“ओरेस्ते, मित्रा, तू आयोजक आहेस ना? टबाचा सीन दाखवू नकोस.”

“टबाचाच सीन बघायला लोक अर्ध्या युरोपातून येताहेत, एव्हारिस्तो.”

“रीळ तुटू दे. वीज जाऊ दे. काहीही कर! तो सीन तिने पाहिला तर मी संपलो.”

माझ्या लगेच ध्यानात आलं. टबाच्या सीनमध्ये हातमोजे नटीचा गळा आवळतात, हे सगळ्या जगाला माहीत होतं. म्हणजे हात याचे नव्हते! मी फार सभ्य माणूस आहे. मी काही विचारलं नाही. नुसतं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, “माझ्यावर सोड.”

माझी योजना सुटसुटीत होती. गावात हॉल एकच, चर्चचा. त्याचे मालक फादर गाउदेन्झिओ. जुन्या काळी या हॉलमध्ये सिनेमा लागला की फादर प्रोजेक्टरच्या शेजारी बसायचे, आणि पडद्यावर नायक-नायिकेची तोंडं जवळ यायला लागली की भिंगापुढे पुठ्ठा धरायचे. आमच्या पिढीने एकही चुंबन शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. आमची लग्नं झाली तेव्हा पुढचं काय ते आम्हाला अंदाजाने करावं लागलं.

मी फादरांना गाठलं. “फादर, सांगायला जीभ रेटत नाही, पण या सिनेमात एका टबातून उघडे पाय बाहेर आलेत.”

“किती उघडे?”

“सगळे.”

फादरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. “पुठ्ठा आहे का?”

एर्मेलिंदाच्याच बेकरीतला केकचा रिकामा खोका मी त्यांना नेऊन दिला. आयोजन म्हणतात ते हे!

रविवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून हॉल काळोखा केला. पुढच्या रांगांत काजळवाले भक्त, मागे आमचं गाव पंखे हलवत. माझी बायको दिर्चे विणकाम घेऊन आली होती. तिला भुताखेतांची आवड नाही, ती मला सोबत म्हणून आली असं मी समजत होतो. डॉक्टर हेडविगबाईंनी या सिनेमावर चारशे पानांचं पुस्तक लिहिलेलं. आमची भाषा त्या ग्रंथांतून शिकल्या होत्या. हातात प्लास्टरची बादली घेऊन त्या मंचावर उभ्या राहिल्या.

“आदरणीय ग्रामस्थहो! आज आम्ही खुनी महोदयांच्या हस्तद्वयाचा साचा घेऊन तो आपल्या कारंज्याजवळ स्थापित करणार आहोत. कृपया सांगावे, खुनी महोदय कोठे विराजमान आहेत?”

सावेरिओ फौजदार उभा राहिला. खाटीक उभा राहिला. औषधवाला उभा राहिला. एर्मेलिंदाने कोपराने ढोसल्यावर एव्हारिस्तोही उभा राहिला, पण फासावर चढणारा माणूस उभा राहतो तसा.

“चार?” हेडविगबाई चकित. “हस्त तर दोनच आहेत.”

“सिनेमा लावा, बाई!” एर्मेलिंदा ओरडली. “आत्ता कळेल!”

सिनेमा सुरू झाला. झुंबर पडलं, कुणीतरी किंचाळलं. मग किल्ल्यातलं स्वयंपाकघर आलं. टेबल, टेबलावर सुरी, आणि सुरीशेजारी मोठा गोल पाव. पालथा!

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, पाव पालथा.” दुसरी म्हणाली, “कुणी ठेवला हो असा?” पडद्यावर दार करकरलं, सावली सरकली, संगीत वाढत गेलं, पण खुन्याकडे बघतंय कोण! सगळं गाव त्या पावाकडे बघत होतं. काळा हातमोजा काळोखातून आला. सुरीकडे निघाला. थांबला. आणि त्याने आधी पाव उचलून सुलटा ठेवला!

“हांऽऽ!” अख्ख्या हॉलने सुटकेचा निःश्वास टाकला.

“थांबवा!” हेडविगबाई ओरडल्या. दिवे लागले. “आपण सर्वांनी निःश्वास का टाकलात? या क्षणाविषयी मी एकशेवीस पृष्ठे लिहिली आहेत! हा तर देवाला दिलेला नकार आहे!”

“कसला नकार, बाई?” एर्मेलिंदा म्हणाली. “पाव पालथा होता, म्हणून सरळ केला. पालथा ठेवला तर घरात अवदसा येते.”

“परंतु तो खून करावयास आला आहे!”

“म्हणून काय पाव पालथाच ठेवायचा?”

हेडविगबाई खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एखाद्या मुलीला खाऊचा नवा डबा सापडावा तसा आनंद होता. त्या पेन शोधू लागल्या.

दिवे पुन्हा मालवले. हातमोज्याने सुरी उचलली. तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही! जाता जाता त्याने टेबलावर पडलेले पावाचे कण डाव्या तळहाताच्या कडेने, करंगळी वर धरून, गोळा केले, दुसऱ्या हातात घेतले, आणि मग तो खून करायला गेला.

 मग काळोखातून फौजदाराच्या बायकोचा आवाज आला. “सावेरिओ.”

“काय?”

“लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तू कधी टेबलावरचे कण गोळा केलेस?”

“अगं, ते सिनेमात...”

“घरी ताट उचलून ठेवत नाहीस, आणि दुसऱ्याच्या घरी खून करायला जाऊन टेबल पुसतोस?”

हास्याचा असा स्फोट झाला की एक घोंगडी खाली पडली. खाटकाची बायको खाटकाकडे बघत होती, औषधवाल्याची औषधवाल्याकडे. मी सांगतो तुम्हाला, त्या क्षणी आमच्या गावातल्या एकाही पुरुषाला तो खून आपला म्हणायची सोय राहिली नाही! “ती बाई आहे!” सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

पहिलं रीळ संपलं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत दिवे लावावे लागतात. मी संधी साधली. आयोजक आहे ना मी! मंचावर टेबल मांडलं, एर्मेलिंदाकडून पाव घेऊन त्याचे कण पसरले आणि जाहीर केलं, “त्या काळी वयात आलेल्या सगळ्या बायकांनी रांगेत यावं आणि एकेकीने कण गोळा करावेत!”

एक आली, तिने कण स्वतःकडे ओढले. “नव्हे,” हेडविगबाई म्हणाल्या. दुसरीने चिमटीने वेचले. “नव्हे.” तिसरीने फुंकर मारली, तिला सगळ्यांनी हाकललं. दिर्चेही विणकाम ठेवून उठली.

“तू कशाला उठतेस?” मी म्हटलं. “बस ना, गुडघे दुखतात तुझे. उगाच रांग वाढवू नकोस.”

ती आली. डाव्या हाताची करंगळी वर धरून, तळहाताच्या कडेने, आडव्या एका झटक्यात कण गोळा करून तिने दुसऱ्या हातात घेतले.

हेडविगबाईंच्या हातून बादली सुटली. प्लास्टर माझ्या बुटांवर.

“तू?” मी म्हटलं.

“मग कोण? दिग्दर्शक स्वतःच हात दाखवायचा. त्याला त्या दिवसांत सणकून ताप होता. मी त्यांना जेवण पोचवायला गेले होते, हातमोजे माझ्या मापाचे निघाले. पाव पालथा बघून मला राहवलं नाही. तो म्हणाला, असंच ठेवा, छान आहे.”

“अगं, पण मला कधी सांगितलं नाहीस?”

“आपलं तेव्हा नुकतंच ठरलं होतं. आणि तू चौकात उभा राहून सगळ्यांना सांगत होतास की खुनी साडेसहा फुटांचा राक्षस आहे, तुझी त्याच्याशी ओळख आहे. म्हटलं, कशाला तुझा विरस करा?”

काजळवाले भक्त तिच्यापुढे गुडघे टेकू लागले. हेडविगबाईंनी पिशवीतून मखमलीत गुंडाळलेले काळे हातमोजे काढले. अस्सल होते, सिनेमातलेच. त्यांनी ते दिर्चेच्या हातांत चढवले. चपखल बसले.

या गडबडीत एर्मेलिंदा उठली होती. शाल खांद्यावर घेऊन ती एव्हारिस्तोसमोर उभी राहिली.

“म्हणजे मासे नव्हतेच,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “मी वेडी. मला वाटलं होतं, हा एकतरी खरं बोलत असेल.”

“एर्मेलिंदा, ऐक तरी...”

“पाव शेजारच्या गावात मिळतो.”

ती दाराकडे निघाली. एव्हारिस्तो खुर्चीत असा बसला की जणू कुणी त्याच्यातली हाडं काढून घेतली. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तेवढ्यात दुसरं रीळ चढलं, दिवे मालवले, आणि पडद्यावर टब आला.

फादर गाउदेन्झिओ सावधच होते. नटी टबात उतरायच्या आत त्यांनी केकचा खोका भिंगापुढे धरला. पण पंचाऐंशीचं वय! खोका कुठे धरायचा याचा त्यांचा अंदाज त्यांच्या तारुण्यातला होता. त्यांच्या मते धोका नेहमी पडद्याच्या वरच्या भागात असायचा. वरचा अर्धा पडदा काळा झाला. हात झाकले, गळा झाकला, नटी झाकली. आणि खालच्या उजळ अर्ध्यात, टबाच्या काठावरून बाहेर लोंबणारे, लांबसडक, गुळगुळीत, ओलेते दोन पाय तेवढे राहिले!

“हा अत्याचार आहे!” हेडविगबाई किंचाळल्या. “खोका हटवा! आम्ही याचसाठी आलो आहोत!”

“नाही हटवणार!” फादर गरजले. “माझ्या हॉलमध्ये बाईचे उघडे पाय चालणार नाहीत!”

“खोका राहू दे, फादर!” एव्हारिस्तो कळवळून ओरडला. “खाली घ्या! अजून खाली घ्या!”

दाराशी पोचलेली एर्मेलिंदा या आरड्याओरड्याने मागे वळली. तिने पडद्याकडे पाहिलं. मग पुढे येऊन पाहिलं. मग पडद्याला नाक लावून पाहिलं. डाव्या पोटरीवर दातांची चंद्रकोर होती, मधला एक दात गाळलेली.

“हा तर आमच्या नेरोनेचा चावा आहे!” ती म्हणाली. “आमच्या बाबांच्या कुत्र्याचा! मधला दात त्याला नव्हताच! पण नेरोने त्या नटीला कशाला चावेल? त्या उन्हाळ्यात तो एकदाच चावला. आमच्या मागच्या भिंतीवरून पळालेल्या कुणाला तरी.”

ती सावकाश वळली. सगळं गाव तिच्याबरोबर वळलं. एव्हारिस्तो खुर्चीखाली शिरायच्या बेतात होता.

“विजार वर कर,” एर्मेलिंदा म्हणाली.

“इथे? फादरांसमोर?”

“वर कर!”

त्याने विजार गुडघ्यापर्यंत वर केली. चंद्रकोर तिथे होती. सुरकुतली होती, पण होती.

“नटी म्हणाली, गार पाण्यात मी बसणार नाही,” एव्हारिस्तो मान खाली घालून सांगू लागला. “तिच्याइतके लांब पाय गावात माझेच होते. वस्तराही घरचाच. डोक्यावर टोप, तोंड भिंतीकडे, त्यामुळे गळा कोण आवळतंय ते मलाही दिसलं नाही आणि आवळणाऱ्याला मीही. म्हटलं, कोण बघतंय! मग तोच सीन जगभर गाजला. तेच पाय पोस्टरवर! खरं सांगितलं असतं तर जन्मभर माझ्या खिडकीखाली गाणी म्हटली असती यांनी. म्हणून म्हटलं, खुनी मीच.”

“एव्हारिस्तोचे पाय आहेत?” फादरांनी विचारलं. “मग काही पाप नाही.” आणि त्यांनी खोका खाली ठेवला. पडद्यावर माझी बायको पूर्ण ताकदीने न्हाव्याचा जीव घेत होती. मधून मधून दिसणारा चेहरा तेवढा नटीचा.

हॉलमध्ये बायका खुर्च्यांवरून घसरत होत्या. सावेरिओ फौजदार हसता हसता रडत होता. एर्मेलिंदा मात्र हसत नव्हती.

“भिंतीवर तू कशाला चढला होतास?”

“तुझी खिडकी होती तिकडे.”

“मी बाबांना म्हटलं होतं, हा चोर नाही म्हणून! मग परत का आला नाहीस?”

“कुत्रा होता!”

“कुत्रा काय जन्मभर जगतो?”

“तो मेला तोवर तुझं लग्न झालं होतं.”

एर्मेलिंदाने त्याच्या पोटरीकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या पायांकडे, मग पुन्हा पोटरीकडे. आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की तिला एव्हारिस्तोचाच खांदा धरावा लागला. “खुनी म्हणून घेतलंस,” ती धापा टाकत म्हणाली, “पण सुंदर म्हणून घेतलं नाहीस! पुरुषाच्या जातीला कुठे लाज वाटेल, सांगता येत नाही. बरं, करते लग्न. पण आज, आत्ता, इथे, आणखी काय काय खोटं असेल ते सगळं सांगून टाक. नंतर काही निघालं तर नेरोनेसारखा दुसरा आणीन.”

माझे डोळे पाणावले होते. माझ्या कार्यक्रमात एक लग्न जमलं! मी टाळ्या वाजवायला हात उचललेच होते, तेवढ्यात सत्याची नवी चटक लागलेला एव्हारिस्तो ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “हा सीन दाखवू नकोस म्हणून मी ओरेस्तेला सांगितलं होतं! खोक्याची सगळी व्यवस्था त्याचीच!”

“आयोजक महोदय?” हेडविगबाई हळूच म्हणाल्या. काजळवाले भक्त एकेक करून उठले. त्यांच्यातला एकजण अर्ध्या युरोपातून सायकलवर आला होता.

मी दाराचा अंदाज घेत होतो, एवढ्यात माझ्या मानेवर एक हात अलगद टेकला. काळा, चामड्याचा, करंगळी किंचित वर.

“घरी चल, ओरेस्ते,” दिर्चे म्हणाली.

आमच्या संसाराला चाळीसवर वर्षं झाली. या बाईने माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. तरी घरापर्यंत मी तिच्यापुढे चांगला दहा पावलं चालत होतो, आणि ती हातमोजे काही काढत नव्हती.

पुढच्या महिन्यात एव्हारिस्तोचं लग्न आहे. परवा बेकरीत गेलो आणि मोठ्या मनाने म्हटलं, “एर्मेलिंदा, काळजी करू नकोस, सगळं आयोजन माझ्यावर सोड.”

ती म्हणाली, “तू फक्त जेवायला ये. दिर्चेच्या शेजारी तुझी खुर्ची ठेवली आहे. तिथून उठायचं नाही.”